गोळी कुणावर काम करते?

मेटफॉर्मिन सुरू झाली की आठवड्याभरात बरेच पेशंट डॉक्टरांकडे परत येतात ते पोटाची तक्रार घेऊन. पोट गुडगुडतं, जुलाब होतात, जेवणावरची वासना उडते, तोंडात धातूची चव रेंगाळते. डॉक्टरांना हे नवं नसतं. गोळी जेवणाबरोबर घ्या, डोस हळूहळू वाढवू, फारच त्रास झाला तर सावकाश विरघळणारी ‘एसआर’ गोळी देऊ, असं ते समजावतात. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं पोट सरावतं आणि पुढे वर्षानुवर्षं ती गोळी चालू राहते. टाइप २ मधुमेहात जगभर सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी हे एक.

पोटाच्या या तक्रारीकडे अर्धशतकाहून जास्त काळ निव्वळ दुष्परिणाम म्हणून पाहिलं गेलं. झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली मेटफॉर्मिन मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर पाठ्यपुस्तकांत एक उत्तर पक्कं बसलं: यकृत रात्रभर जी साखर रक्तात सोडत असतं, तिला मेटफॉर्मिन आवर घालते. ते खरंच आहे. पण काही निरीक्षणं या उत्तरात बसत नव्हती. तेच औषध शिरेतून दिलं तर साखर तशी उतरत नव्हती. तोंडाने घेतलेल्या औषधाचं प्रमाण आतड्याच्या भिंतीत रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडत होतं. आतड्याच्या खालच्या भागात पोचल्यावरच विरघळेल अशी मेटफॉर्मिन बनवून तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात ती फार कमी उतरली, तरी साखर खाली आली. गोळीचा जो भाग शोषला जात नाही तो सरळ मोठ्या आतड्यात जातो, आणि तिथे त्याची गाठ पडते जीवाणूंशी.

हे जीवाणू किती? रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ साली केलेला हिशेब आता सर्वमान्य आहे. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच. त्यांचं एकत्र वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास. जवळपास सगळे मोठ्या आतड्यात राहतात, कारण जठरातलं आम्ल आणि लहान आतड्यातला वेगवान प्रवाह त्यांना टिकू देत नाही.

मोठ्या आतड्यात पोचतं ते आपल्याला न पचलेलं अन्न: धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे देठ, काही प्रकारचा स्टार्च. आपल्याकडे या तंतूंना तोडणारी पाचकं नाहीत, जीवाणूंकडे आहेत. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी लहान मेदाम्लं तयार होतात. मधुमेहाच्या गोष्टीत यातलं ब्युटिरेट सर्वांत महत्त्वाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची बहुतांश ऊर्जेची गरज ब्युटिरेटवर भागते. ते पुरेसं मिळालं की अस्तराची वीण घट्ट राहते. शिवाय ही मेदाम्लं आतड्यातल्या ‘एल’ पेशींना चेतवतात आणि त्या पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. जेवणानंतर इन्शुलिन वाढवणारं आणि भूक शमवणारं हेच ते संप्रेरक. आज गाजत असलेली सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं त्याचीच नक्कल करतात. तुपातही थोडं ब्युटिरिक आम्ल असतं आणि त्यावरून तुपाचे गोडवे गायले जातात, पण ते आम्ल वरच्या आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला हवं असलेलं ब्युटिरेट तिथल्या तिथेच तयार व्हावं लागतं.

ते तयार करणाऱ्यांत फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा अग्रणी. निरोगी माणसाच्या शौचातल्या जीवाणूंमध्ये एकट्या या जातीचा वाटा पाच टक्क्यांच्या वर असू शकतो. तरीही प्रयोगशाळेत त्याला वाढवणं म्हणजे कसोटी. हवेतल्या ऑक्सिजनचा संपर्क दोन-चार मिनिटं झाला तरी तो मरतो. त्यामुळे संशोधक बंद पारदर्शक पेटीत काम करतात. पेटीतली हवा काढून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो. बाजूला बसवलेल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून नमुना हाताळायचा. आतड्यातल्या बहुतेक रहिवाशांची हीच तऱ्हा. म्हणून कित्येक दशकं त्यांच्याबद्दल फारसं कळलंच नाही. चित्र पालटलं ते डीएनए वाचायची यंत्रं स्वस्त झाल्यावर. त्यासाठी जीवाणू जिवंत असण्याची गरज नसते. पेशंटला डबी द्यायची, नमुना लगोलग उणे ऐंशी अंशांवर गोठवायचा, त्यातला सगळा डीएनए काढायचा, वाचायचा आणि ज्ञात जनुकांच्या यादीशी ताडून पाहायचा. १२४ युरोपीय लोकांच्या नमुन्यांतून ३३ लाख जनुकांची अशी पहिली मोठी यादी २०१० साली तयार झाली.

मग मधुमेहींची पाळी आली. कोपनहेगनमध्ये ३६ पुरुषांवर छोटा अभ्यास २०१० सालीच झाला होता. मधुमेहींच्या नमुन्यांत फर्मिक्युट्स गटाचे जीवाणू कमी दिसले होते. २०१२ मध्ये चीनच्या शेन्झेनमधल्या बीजीआय संस्थेने ३४५ चिनी लोकांचे नमुने तपासले आणि मधुमेहाशी जोडलेल्या साठ हजारांच्या आसपास जनुकीय खुणा नोंदवल्या. मधुमेहींमध्ये ब्युटिरेट तयार करणारे जीवाणू कमी आणि संधी मिळताच रोग घडवू शकणारे काही जीवाणू जास्त होते. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या योटेबोर्यच्या फ्रेडरिक बेकहेड यांच्या गटाने १४५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या सत्तरीच्या. त्यांतल्या ५३ जणींना मधुमेह, ४९ जणी त्याच्या उंबरठ्यावर आणि ४३ जणींची साखर नॉर्मल. इथेही रोझब्युरिया आणि फीकॅलिबॅक्टेरियम हे ब्युटिरेटवाले कमी निघाले. एवढं जुळलं. बाकी बरंच जुळलं नाही. चिनी मधुमेहींना ओळखणाऱ्या खुणा स्वीडिश मधुमेहींना ओळखायला कुचकामी ठरल्या. स्वीडिश मधुमेही स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस जास्त होते, म्हणजे ज्या कुळाला आपण दह्यामुळे मित्र समजतो तेच.

दोन देश, दोन आहार, वेगळी वयं. फरक पडणारच, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण हायडलबर्गमधल्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतले पेअर बोर्क आणि कोपनहेगनचे ओलूफ पेडरसन यांच्या गटाने एक साधा प्रश्न लावून धरला: या पेशंटांना कुठली गोळी चालू होती? त्यांनी डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधले मिळून ७८४ नमुने एकत्र केले आणि मेटफॉर्मिन घेणारे व न घेणारे मधुमेही वेगळे काढले. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि या क्षेत्राला त्याने चांगलाच धक्का दिला.

मधुमेहाचा ठसा म्हणून आधी जे सांगितलं गेलं होतं, त्यातला मोठा भाग मेटफॉर्मिनचा ठसा होता. गोळी घेणाऱ्यांत एश्चेरिशिया वाढलेला होता आणि इंटेस्टिनिबॅक्टर घटलेला होता. यातली इंटेस्टिनिबॅक्टरची घट तिन्ही देशांत सारखीच होती. गोळी न घेणाऱ्या मधुमेहींना निरोगी लोकांपासून निव्वळ जीवाणूंवरून वेगळं ओळखणं मात्र बरंच अवघड निघालं. गोळीचा हिशेब वजा केल्यावर एक गोष्ट तेवढी शिल्लक राहिली: ब्युटिरेट तयार करणाऱ्यांची घट. एश्चेरिशियाच्या वाढीतून आणखी एक धागा हाती लागला. त्या जीवाणूंच्या जनुकांची जी कामं वाढलेली दिसत होती, त्यांतून गोळीने होणाऱ्या पोटफुगीचा आणि जुलाबांचा उलगडा होऊ शकेल असं या गटाने सुचवलं. पेशंट ज्या तक्रारीसाठी परत येतो, तिची मुळं अशी काही अंशी त्याच्या जीवाणूंत असू शकतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. रोगाची खूण आणि उपचाराची खूण यांची गल्लत हा वैद्यकातला जुना धोका आहे आणि जीवाणूंच्या अभ्यासात तो पावलोपावली भेटतो. पेशंट मेटफॉर्मिनसोबत कोलेस्टेरॉलची गोळी घेतो, पित्ताची घेतो, मधूनच पाच दिवस प्रतिजैविकं घेतो, साखर सापडल्यावर जेवण बदलतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने आतड्यातली वस्ती हलते. तेव्हा अमुक जीवाणू मधुमेहींमध्ये जास्त सापडला असं वाचनात आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: त्या मधुमेहींचं औषध काय होतं?

मग मेटफॉर्मिनने जीवाणूंत होणारा बदल हा नुसता दुष्परिणाम, की औषधाच्या गुणाचा भाग? याचं उत्तर शोधायला बेकहेड यांनी स्पेनमधल्या जिरोनाच्या डॉक्टरांबरोबर काम केलं. नुकतंच निदान झालेले, एकही गोळी न घेतलेले ४० पेशंट निवडले. सगळ्यांना कमी उष्मांकांचा आहार सांगितला. २२ जणांना मेटफॉर्मिन आणि १८ जणांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. कुणाला काय मिळतंय हे पेशंटना ठाऊक नव्हतं. चार महिन्यांनी पाहिलं तर मेटफॉर्मिनवाल्यांच्या आतड्यात कितीतरी जाती बदललेल्या होत्या, दुसऱ्या गटात फरक नगण्य होता. पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा. पेशंटांच्या शौचाचे औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे नमुने पूर्णपणे जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यांत सोडले. औषधानंतरचे जीवाणू मिळालेल्या उंदरांनी साखर जास्त चांगली हाताळली. त्या उंदरांना मेटफॉर्मिनचा कणही दिलेला नव्हता. २०१७ च्या या प्रयोगानंतर मेटफॉर्मिनच्या कामाचा काही वाटा जीवाणूंच्या नावावर लिहावा लागतो. सगळा नाही, यकृताचं काम यकृतातच चालतं.

जीवाणू बदलले की चयापचय बदलतो, ही कल्पना उंदरांत याआधी चांगली सिद्ध झाली होती. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत २००४ साली जंतुविरहित उंदरांना साध्या उंदरांचे जीवाणू दिले, तर दोन आठवड्यांत त्यांच्या अंगची चरबी निम्म्याहून अधिक वाढली. खाणं तर उलट कमी झालेलं होतं. बेल्जियमच्या पॅट्रिस कानी यांनी २००७ साली दाखवलं की भरपूर चरबीचा आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात काही जीवाणूंच्या बाह्यावरणाचे तुकडे झिरपतात, त्यातून बारीक दाह सतत धुमसत राहतो आणि इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो.

पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि हे सर्वांत स्पष्ट झालं ते अ‍ॅमस्टरडॅममध्ये. मॅक्स न्यूडॉर्प यांच्या गटाने लठ्ठ, पोट सुटलेल्या, मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या १८ पुरुषांवर एक धाडसी प्रयोग केला. आधी आतडी धुऊन साफ केली. मग नाकातून घातलेल्या नळीवाटे लहान आतड्याच्या सुरुवातीला, पाण्यात कालवून गाळलेलं शौच सोडलं. अर्ध्यांना सडपातळ निरोगी दात्याचं, अर्ध्यांना त्यांचं स्वतःचंच. वाचताना अंगावर काटा येईल, पण प्रयोगाची बांधणी चोख होती: नळी, धुणं, सगळे सोपस्कार दोन्ही गटांत सारखे, फरक फक्त जीवाणूंचा. सहा आठवड्यांनी दात्याचे जीवाणू मिळालेल्यांमध्ये इन्शुलिनचं काम सुधारलं आणि रोझब्युरियासारखे ब्युटिरेटवाले वाढले. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. मग त्याच गटाने ३८ पुरुषांवर प्रयोग पुन्हा केला आणि जास्त काळ पाठपुरावा केला. सहा आठवड्यांचा फायदा पुन्हा दिसला, पण अठराव्या आठवड्यापर्यंत तो मावळला होता. आतड्यातली वस्ती जवळपास पूर्ववत झाली होती. ज्यांना गुण आला त्यांच्या आतड्यात मुळात जीवाणूंची विविधता कमी होती, हेही दुसऱ्या प्रयोगात कळलं.

उपऱ्या जीवाणूंनी का टिकाव धरला नसावा, हे समजायला त्यांच्या पोटापाण्याकडे पाहावं लागतं. जेवण तेच राहिलं तर त्या जेवणावर जगणारेच पुन्हा वरचढ होणार. म्हणून या सगळ्या संशोधनात सर्वांत जास्त काळजीपूर्वक वाचावा असा प्रयोग शांघायच्या चाव लीपिंग यांचा आहे. त्यांनी नवा जीवाणू कुणाला दिला नाही. असलेल्यांना खाऊ घातलं.

टाइप २ मधुमेहाचे ४३ पेशंट. १६ जणांना चीनमधल्या मधुमेह संघटनेच्या शिफारशींनुसार नेहमीचा आहार आणि समुपदेशन. २७ जणांना अख्खी धान्यं, पारंपरिक चिनी वनस्पती आणि जीवाणूंना पोसणारे तंतू यांचा भरपूर समावेश असलेला आहार. उष्मांक दोन्ही गटांत सारखेच. शिवाय सगळ्यांनाच अ‍ॅकार्बोज ही गोळी. अ‍ॅकार्बोज स्टार्चचं पचन रोखते आणि न पचलेला स्टार्च खाली जीवाणूंकडे जातो. ती किंवा तिची बहीण शोभावी अशी व्होग्लिबोज घेणाऱ्यांना वाताचा त्रास होतो तो याच आंबण्यामुळे. बारा आठवड्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, केली. तंतूंच्या गटात ८९ टक्के पेशंट सातच्या खाली आले होते, दुसऱ्या गटात ५०. शौचाच्या नमुन्यांत लहान मेदाम्लं बनवू शकणारे १४१ जीवाणू-वाण ओळखले गेले. आश्चर्य असं की तंतू भरपूर मिळूनही त्यांतले १५ वाणच वाढले. ते १५ ज्यांच्यात जास्त फोफावले, त्यांची एचबीएवनसी जास्त उतरली. आतडं थोडं आम्लधर्मी झालं आणि त्यामुळे इंडोल, हायड्रोजन सल्फाइड अशी उपद्रवी संयुगं बनवणारे मागे हटले. २०१८ मध्ये ‘सायन्स’ने हा अभ्यास छापला. पेशंट थोडे, आहार नेमून दिलेला, तोही बारा आठवडेच. या मर्यादा आहेत. पण माणसांत, मधुमेहींतच, इतकी सलग साखळी दाखवणारे अभ्यास फार नाहीत.

आता महाराष्ट्रातल्या ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत आणि नाचणीत त्याहून थोडे जास्त; पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळात ते तीन ग्रॅमच्या आत आणि मैद्यातही तेवढेच. साबुदाण्यात जवळपास नाहीतच, तेव्हा उपवासाच्या दिवशी मधुमेहीच्या जीवाणूंनाही उपास घडतो. मटकी-चवळीची उसळ, कुळथाचं पिठलं, सालासकट मूग, गवार, शेवग्याच्या शेंगा यांतून मोठ्या आतड्याला भरपूर खाद्य मिळतं. शिजवून गार केलेल्या भाताचंही तसंच. इंडोनेशियातल्या २०१५ च्या अभ्यासात ताज्या भातात शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम न पचणारा स्टार्च होता. फ्रीजमध्ये २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम, आणि तो खाल्ल्यावर निरोगी माणसांची साखर कमी चढली. फरक आहे, पण छोटा. फोडणीच्या भाताची त्यामुळे मधुमेहीला सूट मिळत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात विषबाधा करणारे जंतू वाढतात, तेव्हा भात गार करायचा तो फ्रीजमध्येच.

तंतू वाढवायचे तर हळूहळू. ज्या आतड्याला वर्षानुवर्षं चपाती-भातावर भागवायची सवय लागली आहे, त्यावर एकदम दोन वाट्या उसळ आली की पोट फुगणारच. जुन्या मधुमेहात काहींचं जठर मंदावलेलं असतं, त्यांना जास्त चोथा सोसत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. आणि जीवाणूंच्या भरवशावर चालू गोळी कुणीही सोडू नये.

बाजाराने अर्थातच या संशोधनाची वाट पाहिलेली नाही. प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जीवाणूंच्या, पुड्या आणि कॅप्सूल मधुमेहींना सर्रास सुचवल्या जातात. त्यांची नीट परीक्षा चीनमध्येच २०२० साली झाली. नव्याने निदान झालेल्या ४०९ पेशंटांचे चार गट केले: एकाला प्रोबायोटिक, एकाला दारुहळदीसारख्या वनस्पतींत सापडणारं बर्बेरिन, एकाला दोन्ही, एकाला औषध नसलेली गोळी. बर्बेरिनच्या दोन्ही गटांत एचबीएवनसी सुमारे एक अंकाने उतरली. नुसत्या प्रोबायोटिकच्या गटात ०.५३ ने, आणि काहीच औषध न मिळालेल्या गटात ०.५९ ने. म्हणजे त्या प्रोबायोटिकचा साखरेवर स्वतंत्र असा उपयोग दिसला नाही. त्याउलट अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला या जीवाणूकडून थोडी आशा आहे. नेदरलँड्समधल्या वागेनिंगनला २००४ साली शोधलेला हा जीवाणू आतड्याच्या श्लेष्मावर जगतो. पाश्चरीकरण करून मारलेला अ‍ॅकरमॅन्सिया तीन महिने घेतल्यावर लठ्ठ स्वयंसेवकांत इन्शुलिनचं काम सुधारल्याचं बेल्जियममध्ये २०१९ साली दिसलं. पण तो अभ्यास जेमतेम ३२ जणांचा, आणि तेही मधुमेही नव्हते. त्या जोरावर महागडी कॅप्सूल घेणं घाईचं आहे. घरी डबी पाठवून ‘तुमच्या पोटातले चांगले-वाईट जीवाणू’ सांगणाऱ्या तपासण्यांचंही तेच. अहवालात नावांपुढे हिरवे-लाल ठिपके असतात, आणि नेमका तिथेच पाया कच्चा आहे. हे दाखवायला प्रेव्होटेला कोप्री या एकाच जीवाणूचं उदाहरण पुरे.

बेकहेड यांच्या गटाने २०१५ साली निरोगी स्वीडिश माणसांना तीन दिवस जवाचा पाव खायला दिला. ज्यांची साखर त्यानंतर चांगली राहिली, त्यांच्या आतड्यात प्रेव्होटेला जास्त होता, आणि तो उंदरांना दिल्यावर त्यांचीही साखर सुधारली. पुढच्याच वर्षी पेडरसन यांच्या गटाने मधुमेह नसलेल्या २७७ डॅनिश लोकांचा अभ्यास छापला. त्यात हाच प्रेव्होटेला कोप्री शाखायुक्त अमिनो आम्लं जास्त बनवून शरीराला इन्शुलिन जुमानू न देणाऱ्या जीवाणूंत अग्रभागी होता, आणि उंदरांतही त्याने तेच केलं. दोन्ही गट नावाजलेले, दोन्ही प्रयोग नीट केलेले. गुंता सुटायला लागला तो २०१९ मध्ये, जेव्हा प्रेव्होटेला कोप्री म्हणून ओळखले जाणारे जीवाणू प्रत्यक्षात चार वेगळ्या शाखांचे आहेत हे समजलं. पाश्चात्त्य शहरी माणसांत यातली एखादी शाखा सापडते, नाहीतर एकही नाही. पारंपरिक जीवनशैली जपणाऱ्या समाजांत चारही एकत्र नांदतात. २०२४ साली ८,११७ नमुन्यांच्या प्रचंड अभ्यासाने हेच मधुमेहाच्या बाबतीत दाखवलं: एकाच जातीचे काही वाण मधुमेहाशी जोडलेले, काही नाहीत. प्रेव्होटेला कोप्रीचे शाखायुक्त अमिनो आम्लं बनवण्याची जास्त क्षमता असलेले वाण मधुमेहींमध्ये जास्त होते.

भारतीयांसाठी हा तपशील जिव्हाळ्याचा आहे. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या विनीत शर्मा यांच्या गटाने भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी लोकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. मुख्यतः शाकाहारी, धान्य-डाळींवर जगणाऱ्या भोपाळकरांच्या आतड्यांत प्रेव्होटेलाचं प्राबल्य होतं, आणि शाखायुक्त अमिनो आम्लं बनवणारी जनुकंही केरळच्या लोकांपेक्षा त्यांच्यात जास्त होती. पुण्यात योगेश शौचे, सरोज घासकडबी आणि चित्तरंजन याज्ञिक यांचा सहभाग असलेल्या गटाने २०१७ साली पश्चिम भारतातल्या ४९ जणांचे नमुने तपासले. त्यांची रचना मोलाची होती, कारण त्यांनी नव्याने निदान झालेले मधुमेही, जुने मधुमेही आणि साखर नॉर्मल असलेले असे तीन गट वेगळे ठेवले. फरक जीवाणूंपुरते नव्हते. आर्किया आणि बुरशीसारख्या दृश्यकेंद्रकी सूक्ष्मजीवांतही ते आढळले.

या कामाचा आवाका किती वाढायला हवा, हे देशाच्या आकड्यांवरून कळतं. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. राज्यांत गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के. २०२४ च्या त्या आठ हजारांवर नमुन्यांच्या अभ्यासात मात्र नमुने होते अमेरिका, युरोप, इस्रायल आणि चीनमधले. ज्वारी-बाजरी, डाळी, ताक यांवर पोसलेले आणि वारंवार प्रतिजैविकं झेललेले इथले प्रेव्होटेला कुठल्या वाणांचे आहेत, हे तिथल्या नमुन्यांतून कळणार नाही. त्यासाठी इथल्याच नव्या पेशंटांचे नमुने हवेत, पहिली गोळी पोटात जाण्याआधी घेतलेले, आणि पुढची काही वर्षं त्याच माणसांचे पुन्हा पुन्हा.